चाखपाची खोली

मालवण
११ एप्रिल १९५७

सुगंधाताई,

नमस्कार. मालवणला बदली होऊन तीन आठवडे झाले. खोली मिळाली आहे, खानावळीतला भात खाण्यासारखा आहे आणि दोन रविवार आचऱ्याला सत्यवतीमावशीकडे जेवूनही आलो. ती ठणठणीत आहे. बाबूचं मागचं पत्र, तू मुंबईहून पाठवलेलं, एडन बंदरातलं, तिने मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. बोटीवर असला म्हणून काय झालं, सात वर्षांत एकदाही आईला तोंड दाखवू नये? मावशी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तुझा सख्खा भाऊ, पण मलाच माझ्या मावसभावाचा राग येतो.

लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. तोंडवलीला पास्कू फर्नांडिसचं तळघर आहे. बोटीवर जाण्याआधी बाबू तिथेच कामाला होता, हे तुला मी सांगायला नको. दारूबंदी आली तेव्हा, पन्नास सालच्या एप्रिलात, आमच्या खात्याने ते सील केलं. आतला माल आता नष्ट करायचा हुकूम आहे आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. सील शाबूत आहे का ते पाहायला काल शिपाई बाबलीला घेऊन गेलो होतो.

पास्कू सत्तरीचा असेल. तरुणपणी फ्रेंच बोटीवर होता, तिकडेच कुठेतरी दोन वर्षं फेसाळ वाइनच्या तळघरात राबून ती विद्या शिकला आणि इथे येऊन जांभळावर चालवली. बाटलीतच रस दुसऱ्यांदा आंबवायचा, बूच तारेने आवळायचं, मग बाटल्या तिरप्या फळ्यांच्या लाकडी घोड्यांच्या भोकांत मान खाली करून लावायच्या आणि रोज प्रत्येकीला पाव वळसा द्यायचा. महिना-दोन महिन्यांत गाळ बुचाशी उतरतो. मुंबईचे साहेबलोक शिडाच्या होडीने येऊन त्याची चव घेत. त्यासाठी त्याने तळघराच्या तोंडाशीच एक खोली बांधली आहे. गावात तिला चाखपाची खोली म्हणतात. संगमरवरी टेबल, चार खुर्च्या, समुद्राकडे एक खिडकी आणि मागच्या भिंतीत तळघराचं फणसाच्या फळ्यांचं दार. त्यावर आमचं सील.

त्याने मला बसवलं. दारू देता येत नाही म्हणून विहिरीचं पाणी दिलं, पण दिलं ते अशा रीतीने की मी पाहत राहिलो. उंच, निमुळते ग्लास फडक्याने पुसले, उजेडात धरून पाहिले, ओतताना मनगट वळवलं. आम्ही दोघेच होतो, बाबली बाहेर होता, तरी त्याने ग्लास तीन मांडले. तिसरा कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणाला, "आतल्याचो." मला वाटलं त्यांच्यातल्या एखाद्या संताचा नैवेद्य असेल.

सील तपासायला दाराशी वाकलो तेव्हा आतून आवाज आला. काच लाकडाला हलकेच लागावी तसा. थोड्या वेळाने पुन्हा, जरा पलीकडून. पुन्हा, आणखी पलीकडून. उन्हाने लाकूड तडकत असेल. पण तुला खरं सांगतो, बाहेर वाळूत आल्यावर बरं वाटलं.

भावोजींना नमस्कार.

तुझा गंगाराम

*

मुंबई
२० एप्रिल १९५७

चि. गंगाराम,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मालवणला गेलास हे बरं झालं, आईकडे पाहायला आपलं माणूस झालं.

बाबूवर रागावू नकोस. बोटीवरच्या माणसाची सुटी त्याच्या हातात नसते. त्याचं नवीन पत्र आलं आहे, मोंबासाहून. या आठवड्यात आईला पाठवते. तो मजेत आहे.

एक मात्र ऐक. त्या पास्कूकडे बाबूचं नाव काढू नकोस. काम सोडताना दोघांचं काहीतरी बिनसलं होतं, मला नीटसं ठाऊक नाही. म्हातारा एकटा राहतो, एकट्या माणसाच्या डोक्यात काय काय येतं. तू तुझं सरकारी काम कर आणि मोकळा हो. असले आवाज आणि तिसरे ग्लास आईला सांगत बसू नकोस. मलाही लिहू नकोस, इथे दुपारी एकटी असते तेव्हा नको ते मनात येतं.

दार उघडायचं कधी ठरलं आहे? उघडलंस की लगेच कळव.

सुगंधा

*

मालवण
९ मे १९५७

सुगंधाताई,

तुला न आवडणारंच लिहितो आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबू मालवणात येऊन गेला असं दिसतं.

परवा आचऱ्याला गेलो तर मावशी ओटीवर वाट पाहत बसली होती. बाबूचं पत्र आलं होतं. तू पाठवलेलं मोंबासाचं नव्हे, ते त्याच्या आधी चार दिवस आलं होतं. हे दुसरं, थेट तिच्या नावावर, आणि पाकिटावर शिक्का मालवणचा. अक्षर वाकडंतिकडं, आतापर्यंतच्या पत्रांसारखं वळणदार नाही. आणि पहिल्यांदाच त्याने आपल्या बोलीत लिहिलं आहे. मी उतरून घेतलं, ते असं:

"आये, मी बरो आसय. हंय थंड आसा. पावसाचो आवाज येना, दर्याचो येता. काम सपत इला, आता थोडांच रवला. तू जेवण टाकू नको. ताईक सांग, जाग्याची काळजी करू नको. माका हंय जागो गावलो. एकट्याक रग्गड."

बोटीवर त्याला स्वतंत्र खोली मिळाली असावी, असा मी अर्थ लावला आणि मावशीलाही तसंच सांगितलं. तिने कागद दोनदा नाकाशी नेला आणि घडी करून कनवटीला खोचला.

मी बंदरावर चौकशी केली. गेल्या पंधरवड्यात लागलेल्या कुठल्याच बोटीवर बाबू नावाचा आचऱ्याचा खलाशी नव्हता. तेव्हा तुझं न ऐकता तोंडवलीला गेलो. वाटलं, जुन्या मालकाला तरी भेटला असेल. पास्कूला विचारलं, बाबू आला होता का. तो ग्लास पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "तो खंय गेलोच नाय, तर येतलो खंयसून?"

म्हाताऱ्याची भ्रमिष्ट बडबड म्हणून मी सोडून दिलं. पण आणखी एक गोष्ट आहे. मी जुना पंचनामा काढून वाचला. सील केलं त्या दिवशी बाटल्या जमिनीवर वाळूत आडव्या पडलेल्या होत्या, लाकडी घोडे रिकामे होते, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. हे मी पास्कूला सहज बोललो. त्यावर तो म्हणाला की आता सगळ्या बाटल्या घोड्यांवर चढल्या आहेत, माना खाली, गाळ बुचाशी उतरला आहे, शेवटची रांग तेवढी राहिली. मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक, दार तर बंद आहे. तो पुढचा ग्लास पुसायला लागला. त्या वेळी दाराआड तो आवाज चालू होता, एकसारखा, कामाला जुंपलेल्या माणसाच्या लयीत.

दार २९ तारखेला उघडणार. बाबूचा पत्ता तुझ्याकडे असेल तर कळव, मीच त्याला लिहितो.

गंगाराम

*

मुंबई
१५ मे १९५७

गंगाराम,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

बाबूचा पत्ता माझ्याकडे नाही. कधीच नव्हता. एडनचं पत्र मी लिहिलं, मोंबासाचं मी लिहिलं, सात वर्षांतली सगळी पत्रं मी लिहिली. आमच्या चाळीत एक बोटीवरचे गृहस्थ राहतात, त्यांना विचारून बंदरांची नावं घालत असे. पण तू उतरून पाठवलंस ते पत्र माझं नाही.

पन्नास साली फेब्रुवारीत बाबूने मला लिहिलं होतं. त्या तळघरात काम करायची त्याला भीती वाटत होती. उन्हाळा चढला की बाटल्या आपोआप फुटतात, काचा गोळीसारख्या उडतात, तोंडाला लोखंडी जाळी बांधून आत जावं लागतं आणि जाळी एकच आहे, असं त्याने कळवलं होतं. मुंबईला येऊ का, म्हणून विचारलं होतं. मी उत्तर पाठवलं की आमची खोली एवढीशी, त्यात तुला जागा नाही.

खोली एवढीशी होती हे खरं. पण यांनी कधी नाही म्हटलं नसतं. खालच्या मजल्यावर दहा-दहा माणसं एका खोलीत झोपत होती. माझं नवं लग्न, नवा संसार. भाऊ येऊन पडेल, त्याच्या कपड्यांना आंबलेल्या जांभळांचा वास येईल, शेजारणी विचारतील, एवढ्याचसाठी मी त्याला नाही म्हटलं.

एप्रिलात आईचा निरोप आला की बाबू घरी आला नाही, पास्कू म्हणतो काम सोडून गेला. मला वाटलं माझ्यावर रुसून कुठेतरी गेला. महिन्याभरात येईल, तोवर आईचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून बोटीवर गेल्याचं पहिलं पत्र लिहिलं. महिन्याने दुसरं. मग थांबता येईना.

त्या जागेच्या पत्राची गोष्ट बाबूला ठाऊक आणि मला. यांनाही मी सांगितलेली नाही. मग तुझ्या त्या पत्रात ती कोणी लिहिली?

२९ तारखेपर्यंत थांबू नकोस असं लिहावंसं वाटतं, आणि ते दार कधीच उघडू नये असंही वाटतं. तू काय ते कर.

सुगंधा

*

मालवण
२ जून १९५७

ताई,

बाबू सापडला. तो तळघरात होता. पत्र वाचण्याआधी खाली बस.

२९ला सकाळी दोन पंच, बाबली आणि मी गेलो. पास्कू नवं धुतलेलं जाकीट घालून टेबलाशी बसला होता. सील पंचांना दाखवलं, ते जसंच्या तसं होतं. किल्ली कुलपात फिरेना, तेल घालावं लागलं. आत चिऱ्यात खोदलेला लांब बोगदा आहे. दुसरी वाट नाही. वाऱ्याला म्हणून वर एक झरोका आहे, त्यातून माझा हात जेमतेम जातो. हे सगळं मी स्वतः पाहिलं, दोनदा पाहिलं.

बाटल्या जमिनीवर नव्हत्या. एकूण एक घोड्यांवर होत्या, माना खाली. प्रत्येकीच्या बुडावर वळसा मोजायची खडूची रेघ आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला. बाबलीने बॅटरी धरली तेव्हा गाळ बुचाशी बसलेला दिसला. घोड्यांवर सात वर्षांची धूळ होती, बाटल्यांवर नव्हती. एक पंच तिथूनच बाहेर गेला आणि पुन्हा आत आला नाही.

शेवटच्या घोड्यामागे गोणपाटाखाली बाबू होता. हाडं आणि कपडे राहिले होते. तोंडाला लोखंडी जाळी बांधलेली. कमरेचा चांदीचा करगोटा मी ओळखला, लहानपणी आम्हा दोघांना एकाच सोनाराने केले होते.

पास्कूने काही लपवलं नाही. मी न विचारता सांगत गेला. दारूबंदी लागू झाली, माल संपवायची मुदत सरली होती. तळघर सील करायला माणसं येणार त्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या उन्हात, आत बाटल्या फुटायला लागल्या. पास्कू स्वतः जाळी लावून आत गेला होता. एका माणसाने आवरेना म्हणून त्याने बाबूला हाक मारली. बाबू जाळीशिवाय जायला तयार नव्हता. पास्कू त्याच्यावर ओरडला, भित्रा म्हणाला. बाबू गेला. तिसऱ्याच बाटलीची काच त्याच्या गळ्यात शिरली. वेळ लागला नाही, एवढं पास्कूने मला दोनदा सांगितलं. खून केला म्हणतील या भीतीने त्याने त्याला मागे ठेवला, गोणपाट घातलं. दुसऱ्या दिवशी बाटल्या अजून फुटत होत्या, तेव्हा दारातूनच कंदील धरून पंचनामा झाला.

मी विचारलं, जाळी त्याच्या तोंडाला कशी? पास्कू म्हणाला, "माझी काडून तेका घातलंय. मागसून." म्हणजे तो गेल्यावर. मग टेबलावर डोकं ठेवून रडला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ते पत्र पास्कूने लिहिलं आणि मालवणच्या पेटीत टाकलं. त्याने ते नाकारलं नाही. मी म्हटलं, जागेचं तुम्हाला कोणी सांगितलं? बाबूने तुम्हाला ताईचं पत्र दाखवलं होतं का? तो म्हणाला, बाबू जिवंतपणी त्याच्याशी कामापुरतंच बोलला, घरचं कधी नाही. सील लागल्यानंतर दुसऱ्या महिन्यात बाबू दाराआडून बोलायला लागला. रोज संध्याकाळी. "लिवलंय मी. सांगल्यान तेना," असं पास्कू म्हणाला. काम संपत आलं आहे, आता आवशीला, म्हणजे मावशीला, कळव, असंही बाबूनेच सांगितलं म्हणे.

पास्कूला पोलिसांनी मालवणला आणलं. वैद्यकीय तपासणी संपायला आणखी दोन दिवस लागतील, त्यानंतर बाबूवर अग्निसंस्कार करता येतील. पंचनाम्यात बाटल्या कशा होत्या ते लिहावं लागलं. मी लिहिलं, 'बाटल्या घोड्यांवर लावलेल्या आढळल्या.' कोणी लावल्या हा रकाना त्यात नाही.

मावशीला अजून सांगितलेलं नाही. माझी जीभ उचलत नाही. काय करू ते लिही.

गंगाराम

*

मुंबई
८ जून १९५७

गंगाराम,

आईला तू सांगू नकोस. मला सांगू दे, ते माझंच काम आहे. पावसामुळे बोटी बंद झाल्या, मी १३ला कोल्हापूरवरून एस.टी.ने निघते. यांना सगळं सांगितलं. त्यांनी ट्रंक काढून दिली. मी पोचेपर्यंत काही ना काही सांगून वेळ काढ.

सुगंधा

*

मालवण
१४ जून १९५७

ताई,

तुझं पत्र आज मिळालं. तू वाटेत असशील, तेव्हा हे आचऱ्याच्या पत्त्यावर टाकतो आहे. तू घरी पोचशील तेव्हा तुझ्या हाती पडेल. मावशीला मी सांगितलं नाही, पण तिला कळलं. तोंडवलीची बातमी आचऱ्याला पोचायला किती वेळ लागणार?

४ तारखेला आम्ही माल नष्ट करत होतो. बाबली आणि दोन गडी बाटल्या वाळूत नेऊन फोडत होते, मी चाखपाच्या खोलीत बसून कागद करत होतो. दहाच्या सुमाराला मावशी दारात उभी राहिली. एकटी, आचऱ्याहून चालत आलेली, पायाला ओली वाळू. मी उठलो. तिने मला हाताने खाली बसवलं. तळघराच्या दाराशी गेली, आत डोकावून पाहिलं, आत मात्र गेली नाही. मग खुर्चीवर बसली. अशा खुर्चीवर ती कधी बसलेली नाही, पाय जमिनीला टेकत नव्हते.

पास्कूच्या बोलण्यातलं कितपत सांगावं ते मला कळेना. पण गावाने तिला सगळं सांगितलेलं होतं. तिने बाटल्यांकडे बोट केलं. "ह्यां सगळां तेच्या हातचां?"

मी हो म्हटलं.

"माका चाखूक दी."

मी तिला कायदा समजावायला लागलो. मी दारूबंदीचा अधिकारी, अंगावर सरकारी कपडे, बाहेर शिपाई. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जल्मभर मी तेका करून घातलंय. तेच्या हातचां मी कायएक खावक नाय."

ताई, मी शेवटच्या रांगेतली एक बाटली उचलली. तार सोडवली. बूच एवढ्या जोराने उडालं की बाहेर बाबली दचकला. फेस वर आला, जांभळट, माझ्या हातावरून टेबलावर सांडला. पास्कूचा एक ग्लास घेऊन मी ओतलं. तिने दोन्ही हातांनी धरला, देवाचं तीर्थ घेतात तशी थोडी थोडी प्यायली, पूर्ण ग्लास. 

"गोड नाय," ती म्हणाली. मग ग्लास खाली ठेवून म्हणाली, "पण जितो आसा."

ती वाइनबद्दल बोलली असं मी धरून चाललो. पण दुपारी बाबली माझ्याकडे आला तो पांढराफटक पडला होता. सकाळपासून फोडलेल्या बाटल्यांत एकीलाही फेस नव्हता, साहेब, म्हणाला. नुसतं तपकिरी पाणी, वास मेलेला. मी स्वतः जाऊन उरलेल्या सगळ्या फोडवून घेतल्या. त्याचं खरं होतं. जिवंत होती ती ती एकच.

बाबूचे संस्कार ५ तारखेला झाले. अग्नी मी दिला.

बाटली कुठे गेली हे मला दडवता आलं असतं. मी वरिष्ठांना लिहिलं: एक बाटली मृताच्या आईने चाखली, ती मी उघडून दिली. त्याचं जे व्हायचं ते होईल. आतून मी स्वस्थ आहे.

गंगाराम

*

आचरे
६ नोव्हेंबर १९५७

चि. गंगाराम,

अनेक आशीर्वाद. तुझी बदली थेट खानदेशात केली. तिथे तुला समुद्राच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही असं तू लिहिलंस, ते वाचून आई हसली. नोकरी राहिली हेच पुष्कळ, असं आपण म्हणू.

मी अजून इथेच आहे. यांचं पत्र येतं, राहा म्हणतात, आईला हवी तेवढी राहा. पहिल्या दिवशी मी आईच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. माझी पत्रं, आणि बाबूला लिहिलेलं ते एक पत्र. आई तांदूळ निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही. रात्री मला वाढलं तेव्हा भातावर तूप नेहमीपेक्षा जास्त घातलं. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही.

पास्कू सप्टेंबरात जामिनावर सुटून आला. खटला चालू आहे, पण वय पाहून घरी राहायला दिलं. गावातलं कोणी त्याच्याशी बोलत नाही. आणि गंगाराम, आई त्याच्याकडे जाते. दर बुधवारी. जेवण आटोपून निघते, दिवे लागायच्या आत परत येते.

मला वाटलं ती भांडायला जाते. पहिल्या खेपेला मी मागोमाग गेले आणि बाहेर वाळूत थांबले. खिडकीतून दोघं दिसत होती, टेबलाच्या दोन बाजूंना. पास्कू बोलत होता आणि आई ऐकत होती. घरी येताना मी विचारलं, काय सांगतो? आई म्हणाली, बाबू रोज काय बोलला ते सांगतो. पहिल्या दिवसापासून. सात वर्षांतल्या सगळ्या संध्याकाळी, एकामागून एक.

दार उघडल्यापासून आतून आवाज नाही, असं पास्कू सांगतो. तळघर रिकामं आहे, दारही काढून टाकलं आहे. त्याच्यापाशी आता आठवतं तेवढंच आहे आणि ते संपण्याआधी त्याला आईला द्यायचं आहे.

मी आईला म्हटलं, म्हातारा मनाने रचून सांगत असेल तर? आईने माझ्याकडे पाहिलं. "तुझी पत्रां सात वर्सां ऐकलंय," ती म्हणाली. "तेचाय ऐकतंय."

ती घरी येऊन मला त्यातलं थोडं सांगते. मी मन घट्ट करून ऐकते आणि चूक शोधते. अजून सापडली नाही. आमच्या मागच्या दारच्या विहिरीत पडलेलं तांब्याचं भांडं, लहानपणी मी त्याला कडेवरून पाडलं आणि आईला सांगू नको म्हटलं ती गोष्ट, हे सगळं पास्कूला कुठून कळावं? बाबू वाक्याच्या शेवटी "मगे" म्हणून थांबायचा, तसा पास्कू सांगताना थांबतो म्हणे.

इतके दिवस मी बाहेरच बसते. आत जायचा धीर झाला नाही. आईनेही कधी चल म्हटलं नाही.

गेल्या बुधवारी ती परत आली आणि चुलीपाशी बसली.  मग म्हणाली, पास्कूचा निरोप आहे, पुढच्या खेपेला चेडवाला, म्हणजे मला, घेऊन ये. पन्नास सालच्या श्रावणातल्या एका संध्याकाळपर्यंत ते आले आहेत. त्या संध्याकाळी बाबू दुसरं काही बोलला नाही, फक्त माझ्याविषयी बोलला. ते पास्कू आईला सांगणार नाही. ज्याचं त्यालाच सांगायचं, असं बाबूने बजावलं आहे म्हणे.

आठ दिवस मला झोप नाही. रागावला असेल, शिव्या दिल्या असतील, तर त्या घ्यायला मी तयार आहे. दुसरं काही बोलला असेल तर काय करायचं ते कळत नाही. काल मुंबईला परत जायचं ठरवून ट्रंक भरायला घेतली. आईने पाहिलं, अडवलं नाही. अर्धी भरली आणि पुन्हा रिकामी केली.

आज बुधवार. आई लुगडं बदलून दारात उभी आहे, उन्हं कलण्याआधी निघायला हवं म्हणते. पत्र इथेच थांबवते. मी तिच्याबरोबर जाते आहे, आणि आज बाहेर बसणार नाही.

सुगंधा